बाळंतपणाचा भार कुणी उचलायचा? बाबासाहेबांच्या जीवनातील एक धागा



मे महिना आपल्या घरांत गडबडीचा असतो. बुद्ध पौर्णिमेची तयारी, इथल्या शाळांतून मुलांनी रंगवून आणलेली मदर्स डेची कार्डे, आणि २७ तारखेला माता रमाईंचा स्मृतिदिन. म्हणून या अंकात बाबासाहेबांचे चरित्र जरा वेगळ्या बाजूने सांगावे असे ठरवले. महाड, काळाराम मंदिर, गोलमेज परिषद, संविधान आणि धम्मदीक्षा हे टप्पे आपल्या मुलांनाही पाठ आहेत. पण आणखी एक प्रश्न बाबासाहेबांनी वर्षानुवर्षे हातातून सोडला नाही. मूल जन्माला घालताना बाईच्या शरीराला, पगाराला आणि पुढच्या आयुष्याला जी झळ लागते, तिचा भार कुणी उचलायचा? तिने एकटीने, तिच्या नवऱ्याने, मालकाने की सरकारने? आणि मूल हवे की नको, हे ठरवायचे कुणी?

आपल्यापैकी बहुतेक जण नोकरदार आहोत आणि पुष्कळ घरांत नवरा-बायको दोघेही कमावतात. तेव्हा हा प्रश्न आपल्याला परका नाही.

चौदावे अपत्य

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे रामजी सकपाळ आणि भीमाबाई यांच्या पोटी भीमरावांचा जन्म झाला. ते चौदावे अपत्य. ही गोष्ट आपण जयंतीच्या भाषणात एका वाक्यात सांगून पुढे जातो. पण चौदा बाळंतपणे म्हणजे एका बाईच्या शरीराने काय सोसले असेल, याचा विचार क्वचितच करतो. त्या चौदांपैकी जगले पाच: बाळाराम, आनंदराव, मंजुळा, तुळसा आणि भीमराव. बाकीची नऊ लेकरे भीमाबाईंनी गमावली. भीमराव पाच-सहा वर्षांचे असताना साताऱ्याला भीमाबाईही गेल्या. पुढे आत्या मीराबाईंनी या मुलांना मायेने सांभाळले.

लग्न झाले तेव्हा रमाई लहान मुलगी होत्या. दापोलीजवळच्या वणंद गावची, आईवडिलांचे छत्र लवकर हरपलेली ही पोर. त्यांना पाच मुले झाली: यशवंत, गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न. त्यांतला एकटा यशवंत मोठा झाला. बाबासाहेब न्यूयॉर्क आणि लंडनमध्ये शिकत असताना मुंबईतला संसार, दुखणी आणि मुलांचे जाणे रमाईंनी सोसले. १९२६ मध्ये राजरत्न गेला, तेव्हा बाबासाहेब पार खचले. कोल्हापूरच्या आपल्या स्नेह्याला, दत्तोबा पवारांना, लिहिलेल्या पत्रात त्यांनी चारही मुलांच्या जाण्याचे दुःख मोकळे केले. पुढे २७ मे १९३५ रोजी राजगृहात रमाईंचे निधन झाले.

पुढे कायदेमंडळात बाबासाहेब जे बोलले त्याचे कारण घरातले हे दुःखच होते, असे मी म्हणणार नाही. त्यांनी स्वतः ते दुःख पुढे करून मत मागितले नाही. ते बोलले आकडे, कायदा आणि तर्क यांच्या भाषेत. पण प्रसूती आणि बालमृत्यू यांवर बोलणाऱ्या या माणसाला त्या शब्दांचा अर्थ पुस्तकातून शिकावा लागला नव्हता, एवढे लक्षात ठेवावे.

न्यूयॉर्कमधला निबंध

बाबासाहेब १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात आले. ९ मे १९१६ रोजी त्यांनी मानववंशशास्त्राच्या एका चर्चासत्रात भारतातील जातींवर निबंध वाचला. तेव्हा ते पंचवीस वर्षांचे होते. आपण हा निबंध जातिव्यवस्थेवरचा म्हणून ओळखतो. पण त्याचा गाभा बाईच्या शरीरावरच्या ताब्याचा आहे. जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्ने लावून. तसे करायचे तर स्त्री-पुरुषांची संख्या जुळवून ठेवावी लागते. नवरा मेल्यावर बाई उरते, आणि ती जातीबाहेर लग्न करील अशी भीती असते. म्हणून सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या तीन प्रथा आल्या, अशी त्यांची मांडणी होती.

म्हणजे जातीची भिंत उभी राहिली ती बाईच्या शरीरावर. तिचे लग्न कधी व्हावे, कुणाशी व्हावे, तिने मूल कुणाचे वाढवावे, हे सारे इतरांनी ठरवायचे. बाबासाहेबांच्या पुढच्या कामाकडे या निबंधाच्या उजेडात पाहिले तर प्रसूती रजा आणि संततिनियमन हे त्यांच्यासाठी बाजूचे विषय नव्हते, हे समजते. जोतिराव आणि सावित्रीबाईंनीही १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढून विधवांच्या बाळंतपणाची सोय केली होती. जोतिरावांना गुरू मानणाऱ्या बाबासाहेबांकडे हा वारसा आला.

१९२८: कौन्सिलमधले भाषण

१९२७ पासून बाबासाहेब मुंबई कायदे कौन्सिलचे सदस्य होते. राहायला परळच्या बी.आय.टी. चाळीत. आजूबाजूला गिरण्या आणि गिरणी कामगारांची वस्ती. तिथल्या कामकरी बायका दिवस भरेपर्यंत कामावर जात, कारण खाडा झाला की पगार कापला जाई. बाळंतपणानंतर अंगात ताकद नसतानाही पुन्हा कामावर उभे राहावे लागे. आई पाळीवर असताना तान्हे मूल झोपून राहावे म्हणून त्याला अफूची गोळी देण्याची रीत मुंबईच्या कामगार वस्तीत सर्रास होती. आईचे प्रेम कमी होते म्हणून नव्हे, तर मूल सांभाळायला दुसरे कुणी नव्हते म्हणून.

१९२८ च्या एप्रिलपासून मुंबईत गिरणी कामगारांचा मोठा संप चालू होता. त्याच काळात आसवले यांनी मांडलेले प्रसूती लाभाचे विधेयक कौन्सिलपुढे आले. विरोधकांचे म्हणणे आजच्या एखाद्या एचआर मीटिंगमध्येही खपून जाईल असे होते. उद्योगावर बोजा पडेल, दुसऱ्या प्रांतांत असा कायदा नाही तर मुंबईनेच का करावा, आणि बाळंतपण हा कामगाराचा घरगुती मामला आहे, त्याचा खर्च मालकाने का द्यावा.

२८ जुलै १९२८ रोजी बाबासाहेबांनी या विधेयकाला पाठिंबा दिला. त्यांचा पहिला मुद्दा असा की बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे. हा खर्च मोठ्या प्रमाणात सरकारने उचलायला हवा हे त्यांनी मान्य केले, कारण लोकांचे कल्याण सांभाळणे हे मूळचे सरकारचेच काम. पण सरकार देत नाही म्हणून मालक मोकळा सुटत नाही, हा त्यांचा दुसरा मुद्दा. मालक काही उपकार म्हणून बायकांना कामावर ठेवत नाही. काही कामांत पुरुषांऐवजी बायका ठेवण्यात त्याचा जास्त फायदा असतो म्हणून तो ठेवतो. ज्याला त्या श्रमाचा फायदा मिळतो, त्याने त्या श्रमाबरोबर येणाऱ्या बाळंतपणाचाही काही भाग सोसावा.

१९२९ मध्ये मुंबई प्रांताचा प्रसूती लाभ कायदा झाला. भारतातला हा अशा प्रकारचा पहिला कायदा. त्यात बाळंतपणाच्या आधीच्या आणि नंतरच्या काही आठवड्यांसाठी दिवसाला आठ आणे देण्याची तरतूद होती. रक्कम लहान होती आणि लाभही फक्त कारखान्यातल्या बायकांपुरता. पण एक तत्त्व कागदावर आले: बाळंतपणाचा खाडा म्हणजे कामचुकारपणा नाही, आणि त्या दिवसांचा पैसा हा बाईचा हक्क आहे.

मूल हवे की नको, हे तिने ठरवायचे

त्याच मुंबईत र. धों. कर्वे एकाकी लढत होते. १९२१ पासून त्यांनी संततिनियमनाचे केंद्र चालवले आणि १९२७ पासून समाजस्वास्थ्य मासिक काढले. या कामापायी त्यांना प्राध्यापकाची नोकरी सोडावी लागली होती. मासिकात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना ते सरळ, शास्त्रीय उत्तरे देत. त्यावरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला. १९३४ मध्ये त्यांचे वकील म्हणून उभे राहिले बाबासाहेब. लैंगिक विषयावर लिहिले म्हणजे ते आपोआप अश्लील होत नाही, आणि वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांना शास्त्राच्या आधारे उत्तर देणे हा गुन्हा होऊ शकत नाही, अशी त्यांची बाजू होती. खटला हरला आणि कर्व्यांना २०० रुपये दंड झाला. धर्मांतराच्या घोषणेला जेमतेम वर्ष-दीड वर्ष उरले होते. डोक्यावर राजकारणाचा केवढा व्याप होता. तरीही ज्या माणसाच्या सावलीला उभे राहायला पांढरपेशा समाज तयार नव्हता, त्याचे वकीलपत्र त्यांनी घेतले.

चार वर्षांनी हाच विषय त्यांनी कायदेमंडळात नेला. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध मुंबईत कामगारांचा एक दिवसाचा मोठा संप झाला. त्यानंतर तीनच दिवसांनी, १० नोव्हेंबरला, स्वतंत्र मजूर पक्षाचे आमदार पी. जे. रोहम यांनी मुंबई विधानसभेत ठराव मांडला. सरकारने संततिनियमनाचा प्रचार वाढवावा आणि त्याची साधने लोकांना पुरेशी उपलब्ध करून द्यावीत, अशी मागणी होती. भाषण तयार केले होते बाबासाहेबांनी.

त्या भाषणात पुष्कळ काही आहे. वारंवारच्या बाळंतपणांनी मोडणारी बायकांची प्रकृती, प्रसूतीत जाणारे जीव, बालमृत्यू आणि दारिद्र्य. बाळंतपणाच्या कळा पुरुषांना सोसाव्या लागल्या असत्या तर एकापेक्षा जास्त मुलांना कुणी तयार झाला नसता, असा चिमटाही त्यात आहे. पण मला सर्वांत मोलाचा वाटतो तो पुढचा मुद्दा. कोणत्याही कारणाने बाईला मूल नको असेल तर गर्भधारणा टाळणे तिला शक्य असले पाहिजे, आणि मूल होऊ देणे हे पूर्णपणे तिच्या इच्छेवर अवलंबून असले पाहिजे. कारण कोणते, हे विचारण्याची अटच त्यात नाही.

हे १९३८ साल आहे. कृत्रिम साधनांना गांधीजींचा जाहीर विरोध होता, आणि मुंबईत काँग्रेसचे मंत्रिमंडळ होते. ठराव फेटाळला गेला. पुढे स्वतंत्र भारताने १९५२ मध्ये कुटुंबनियोजनाचा सरकारी कार्यक्रम सुरू केला. मात्र त्या कार्यक्रमात लोकसंख्येचा आकडा पुढे आला आणि बाईची इच्छा अनेकदा मागे राहिली. १९३८ च्या भाषणात दोन्ही गोष्टी होत्या, हे आपण विसरू नये.

नागपूरच्या बायका आणि मजूरमंत्री

जुलै १९४२ मध्ये नागपूरला अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली. अध्यक्षस्थानी सुलोचनाबाई डोंगरे होत्या आणि हजारो बायका जमल्या होत्या. लग्नाची घाई करू नका, जास्त मुले होऊ देऊ नका, नवऱ्याची दासी होऊन राहू नका, त्याची मैत्रीण आणि बरोबरीची सोबतीण म्हणून उभ्या राहा, असा बाबासाहेबांच्या सांगण्याचा आशय होता. परिषदेने घटस्फोटाचा हक्क मागितला. एका नवऱ्याने अनेक बायका करण्याविरुद्ध कायदा मागितला. गिरण्या, विडी कारखाने, नगरपालिका आणि रेल्वेत काम करणाऱ्या बायकांसाठी पगारी रजा, नुकसानभरपाई आणि निवृत्तिवेतन मागितले. आज आपण ज्याला फॅमिली-फ्रेंडली पॉलिसी म्हणतो, त्याची ही यादी ऐंशी वर्षांपूर्वी आपल्याच आज्या-पणज्यांनी केली होती.

त्याच महिन्यात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. आता विरोधी बाकावरून बोलायचे नव्हते, कायदा करायचा होता. १९४३ मध्ये खाणीतल्या बायकांच्या प्रसूती लाभाच्या कायद्यात त्यांनी दुरुस्ती मांडली. मूळ कायद्याच्या संदिग्ध शब्दांचा आधार घेऊन मालकांना पैसे टाळता येऊ नयेत, हा हेतू. कारखान्यांतल्या कामगारांना पगारी सुटी मिळावी म्हणून त्यांनी विधेयक आणले. जानेवारी १९४४ मध्ये कोळसा खाण कामगार कल्याण निधी सुरू झाला, ज्यातून दवाखाने, पाणी आणि शिक्षण यांवर खर्च करायचा होता.

कोळशाच्या खाणीतला अवघड प्रश्न

याच कारकिर्दीतला एक निर्णय आपल्या सभांमध्ये फारसा सांगितला जात नाही. जमिनीखालच्या खाणकामात बायकांना ठेवण्यावर १९३७ पासून पूर्ण बंदी होती. महायुद्धात कोळशाचा तुटवडा पडला, मजूर लष्करी बांधकामांकडे वळले, आणि १९४३ मध्ये ही बंदी उठवण्यात आली. खाते बाबासाहेबांचे होते. महिला संघटनांनी कडाडून विरोध केला. फेब्रुवारी १९४४ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात यावर चर्चा झाली आणि बाबासाहेबांना सरकारची बाजू मांडावी लागली.

त्यांचे म्हणणे असे होते की हा उपाय युद्धापुरता आहे, आणि खाली उतरणाऱ्या बायकांना पुरुषांइतकीच मजुरी मिळेल. समान कामाला समान दाम हे तत्त्व भारतातल्या एखाद्या उद्योगात पहिल्यांदाच मान्य होत आहे, याकडे त्यांनी लक्ष वेधले. त्याआधी डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबाद परिसरात गेले होते आणि स्वतः खाणीत उतरून त्यांनी काम पाहिले होते. १९४५ मध्ये जमिनीखाली काम करणाऱ्या बायकांसाठी प्रसूती लाभाची मुदत वाढवली गेली. खाणींवर पाळणाघरे ठेवण्याचे नियमही याच सुमारास, १९४६ पर्यंत, आले. आणि फेब्रुवारी १९४६ मध्ये बंदी पुन्हा लागू झाली.

निर्णय योग्य होता का? त्या खाणींत उतरणाऱ्या बायका बहुतेक आदिवासी आणि दलित होत्या. धोका त्यांच्या जिवाला होता, आणि हे बाबासाहेबांना ठाऊक नसेल असे म्हणता येत नाही. मला हा निर्णय आजही बोचतो. त्याच वेळी हेही दिसते की बंदी उठवावी लागली तेव्हा त्यांनी बरोबरीची मजुरी पदरात पाडून घेतली, आणि मागोमाग प्रसूतीचे संरक्षण व पाळणाघर आणले. भगवान बुद्धांनी कालामांना जे सांगितले ते आपण वंदनेनंतरच्या प्रवचनात वारंवार ऐकतो. गुरूचे म्हणून काही झाकून ठेवू नये, तपासावे, मग स्वीकारावे. बाबासाहेबांचे चरित्रही तसेच वाचायला हवे. त्याने त्यांची उंची कमी होत नाही.

भार वाटून घेण्याची युक्ती

मी इंजिनिअर आहे, म्हणून पुढचा भाग मला विशेष भावतो. सगळे वजन एकाच खांबावर टाकले की तो खांब खचतो, किंवा बांधणारा तो खांबच काढून टाकतो. प्रसूतीचा सगळा खर्च एकट्या मालकावर टाकणाऱ्या कायद्यात हाच धोका असतो. मालक हिशेब करतो आणि बायकांना कामावर घ्यायलाच कचरतो.

यावर उपाय म्हणजे सामाजिक विमा. १९४३ मध्ये बाबासाहेबांच्या मजूर खात्याने प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना सोपवली. १९४४ मध्ये त्यांचा अहवाल आला. आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेच्या तज्ज्ञांनी तो तपासून त्यात प्रसूती लाभ आणि अपघाताची भरपाई जोडण्याचे सुचवले. त्यातून १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा उभा राहिला. १९५२ मध्ये कानपूर आणि दिल्लीत योजना प्रत्यक्षात आली. कामगार थोडे देतो, मालक थोडे देतो, आणि आजारपण किंवा बाळंतपण आले की पैसा निधीतून मिळतो. आपल्या अनेकांच्या आईवडिलांनी ज्या ई.एस.आय. दवाखान्याच्या रांगेत उभे राहून औषधे घेतली, त्याची मुळे इथे आहेत. १९२८ मध्ये कौन्सिलमध्ये विचारलेल्या प्रश्नाचे हे अधिक पक्के उत्तर होते: भार सर्वांनी मिळून उचलायचा.

संविधान, हिंदू कोड बिल आणि धम्म

संविधानाच्या कलम ४२ मध्ये राज्याने कामाच्या न्याय्य व माणुसकीच्या परिस्थितीची आणि प्रसूती साहाय्याची तरतूद करावी, असे म्हटले आहे. कलम ३९ मध्ये समान कामाला समान वेतन आहे. कलम १५ मध्ये स्त्रिया आणि मुलांसाठी खास तरतुदी करण्याची मोकळीक आहे. १९६१ चा केंद्रीय प्रसूती लाभ कायदा बाबासाहेबांच्या निधनानंतर आला, आणि २०१७ मध्ये भारतातली पगारी रजा पहिल्या दोन मुलांसाठी बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवड्यांवर गेली. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघर बंधनकारक झाले. हे सगळे बाबासाहेबांनीच दिले असे संदेश आपल्या ग्रुपवर फिरतात. ते तसे नाही. पण वाट कुणी पाडली, हे वर सांगितलेल्या तारखाच सांगतात.

हिंदू कोड बिलातून त्यांना बाईला वारसा, घटस्फोट आणि एकपत्नीत्वाचे संरक्षण द्यायचे होते. ज्या बाईला नवरा सोडता येत नाही आणि जिच्या नावावर काही नाही, तिने मूल नको म्हणायचे तरी कोणत्या बळावर? बिल रखडले आणि सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. त्यामागच्या कारणांत हे एक मोठे कारण होते.

त्याच वर्षी महाबोधी सोसायटीच्या नियतकालिकात त्यांचा हिंदू स्त्रीच्या उन्नती आणि अवनतीवरचा लेख आला. बुद्धांनी स्त्रियांचे नुकसान केले, या आरोपाला त्यांनी तिथे उत्तर दिले. त्यात राजा पसेनदीची गोष्ट आहे. राणी मल्लिकेला मुलगी झाल्याचे कळताच राजाचे तोंड उतरले. तेव्हा मुलगी ही मुलापेक्षाही सरस निघू शकते, असे भगवंतांनी त्याला समजावले. अडीच हजार वर्षांपूर्वीची ही गोष्ट. वंशाच्या दिव्यासाठी सुनेवर तिसऱ्या बाळंतपणाचा दबाव आणणारे घर आजही दिसले, तर ती तिथे वाचून दाखवावी. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी आपल्याला ज्या धम्मात आणले, त्यात उपासक आणि उपासिका एकाच रांगेत उभे राहिले. ६ डिसेंबरला त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

आपण इथे काय करू शकतो

आज आपण ज्या देशात राहतो तिथे केंद्रीय कायद्याने पगारी प्रसूती रजा नाही. १९९३ च्या कायद्याने मिळतात त्या बारा आठवड्यांच्या बिनपगारी, आणि त्याही पन्नास किंवा अधिक कर्मचाऱ्यांच्या कंपनीत पुरेसा काळ काम केलेल्यांना. म्हणून आपल्या मुली-सुना बाळंतपणाआधीच्या आठवड्यापर्यंत लॅपटॉपसमोर बसलेल्या दिसतात. गावाकडून आई किंवा सासूबाई व्हिसावर येतात, त्यांच्या परतीची तारीख जवळ आली की घरात रडारड होते. पूर्वी मी काम करत असलेल्या एका कंपनीत, नुकत्याच बाळंत झालेल्या सहकारिणीला दूध काढून ठेवण्यासाठी जुने मॉनिटर ठेवायची खोली दिली होती, आणि तिला कडीही नव्हती. परळच्या गिरणीपासून आपण फार दूर आलो, असे त्या दिवशी वाटले नाही.

काही राज्यांनी मात्र सामाजिक विम्याचा मार्ग धरला आहे. कॅलिफोर्निया, न्यू जर्सी आणि न्यूयॉर्क इथे पगारातून छोटी रक्कम कापून पगारी कौटुंबिक रजेचा निधी चालतो. आपल्या पगाराच्या पावतीवरची ती ओळ एकदा शोधून पाहा. ती रजा बापालाही मिळते, आणि आपल्यातले पुष्कळ बाप ती घेत नाहीत. मॅनेजर काय म्हणेल, या भीतीने. जो स्वतः मॅनेजर आहे त्याने आपल्या टीममध्ये ही भीती मोडावी. २०२२ च्या कायद्याने दूध काढण्यासाठी वेळ आणि बाथरूमखेरीज वेगळी, आडोशाची जागा मागता येते. ती मागताना कुणी एकटी पडत असेल तर तिच्या बाजूने एक ईमेल लिहायला आपले काय जाते?

आणि आपल्या मंडळाच्या पातळीवर एक सूचना. महिन्याच्या वंदनेला तान्ह्या मुलाची आई आली की ती बहुतेक वेळ बाहेरच्या खोलीत बाळाला घेऊन बसते आणि प्रवचन तिच्या कानावरही पडत नाही. पुढच्या महिन्यापासून पाळीपाळीने आपल्यातल्या दोन पुरुषांनी मुलांना सांभाळावे आणि तिला आत बसू द्यावे. नव्याने बाळंत झालेल्या घरी पहिले चाळीस दिवस डबा पोचवण्याची यादी करावी. नावे मी गोळा करीन. २७ मे रोजी रमाईंच्या फोटोला हार घालताना या दोन्ही याद्या तयार असाव्यात, अशी इच्छा आहे.

जय भीम. नमो बुद्धाय.